अर्धवट सोललेलं हाड

घड्याळजींचं दुकान बंद झालं तेव्हा त्यांच्या बायकोला एकाच गोष्टीची धास्ती होती, हा माणूस आता दिवसभर घरात बसणार याची. धास्ती काही उगाच नव्हती. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातली तिन्ही घड्याळं उघडली, पुसली आणि पुन्हा बंद केली. दुसऱ्या आठवड्यात मिक्सर उघडला. तिसऱ्या आठवड्यात ते शिवणयंत्राकडे वळले तेव्हा बायको यंत्राच्या आडवी येऊन उभी राहिली. "याला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे," ती म्हणाली. शिवणयंत्र वाचलं, पण प्रश्न होता तिथेच राहिला.

तो सुटला सुनेमुळे. सून संशोधक होती. कसली, ते घड्याळजींना लग्न ठरल्यापासून सांगितलं जात होतं आणि त्यांनी दर वेळी समजल्यासारखी मान डोलावली होती. हाडं कशी वाढतात ते ती बघते, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. एका रविवारी जेवताना ती फारच वैतागलेली दिसली. म्हणाली, अंड्यातल्या कोंबडीच्या पिल्लाच्या पंखातलं एक हाड चिमट्याने सोडवून काढायचं असतं, तांदळाच्या कणीएवढं, आणि माझा हात थरथरतो. मदतनीस म्हणून दोन माणसं ठेवून बघितली, दोघंही महिन्याच्या आत पळाली.

"कणीएवढं म्हणजे बरंच मोठं की," घड्याळजी म्हणाले. "बायकांच्या मनगटी घड्याळातला स्क्रू याच्या पावपट असतो."

जेवण थांबलं. सून सासऱ्यांकडे बघत राहिली, मुलगा आईकडे बघत राहिला. आईने मात्र आलेली संधी दवडली नाही. "उद्यापासून घेऊन जा त्यांना," ती सुनेला म्हणाली, "आणि लवकर परत आणू नकोस."

असे घड्याळजी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी प्रयोगशाळेत कामाला लागले. दुसऱ्या मजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला खोली. एका भिंतीला अंड्यांची उबदार पेटी, दुसऱ्या भिंतीला नळ आणि बशा, मधे एक टेबल आणि त्याच्यावर मोठं भिंग. चिमटे त्यांनी स्वतःचे नेले, फलालीनच्या पट्टीत गुंडाळून. प्रयोगशाळेचे चिमटे त्यांनी उजेडात धरून बघितले आणि खणात ठेवून दिले. सुनेला ते तिथे 'मॅडम' म्हणत. तिने पन्नासदा सांगून बघितलं, बाबा, असं म्हणू नका, लोक हसतात. "हसू देत," ते म्हणत, "घरी सूनबाई, इथे मॅडम. मालकाला नावाने हाक मारायची सवय मला नाही."

काम काय आहे ते सुनेने त्यांना स्वयंपाकघरात समजावून सांगितलं होतं, धुतलेल्या ताटल्या घेऊन. हाड आधी हाड नसतंच. आधी असते कूर्चा, नाकाच्या शेंड्यात बोटाला लागते तसली, मऊ आणि लवचिक. तिच्यात पेशी असतात. एक पेशी दुभंगते, तिच्या दोन होतात. "आणि त्या होतात अशा," असं म्हणून तिने दोन ताटल्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. "असंच चालू राहिलं तर काय होईल?"

"ओटा भरेल," घड्याळजी म्हणाले.

"बरोबर. हाड रुंद होत जाईल, लांब होणारच नाही. सगळे आपण बुटके आणि जाडे. लांब व्हायचं तर पेशींना एकीखाली एक जायला हवं." तिने ताटल्यांची चळत लावली. "वाढत्या हाडात अशा चळती असतात, त्या सगळ्यांनी बघितल्यात. पण लागतात कशा? माझं म्हणणं, पेशी स्वतः हलतात. दुभंगल्यावर दोघींतली एक तिरकी होते आणि हळूहळू दुसरीच्या खाली सरकते. मला ते जिवंत हाडात हलताना पकडायचंय."

एवढं म्हटल्यावर घड्याळजींना सगळं समजलं. फिरणं, सरकणं, जागेवर बसणं, हे तर त्यांचं जन्मभराचं काम.

पंखातलं ते हाड सोडवलं की त्याच्यावर एक पातळ साल असते, दुधावरच्या सायीएवढी. सालीसकट हाड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तर आतलं सगळं धूसर दिसतं. सून पूर्वी साल काढायला जायची, अर्धी निघायची, अर्धी लोंबत राहायची, चित्रं अंधुक यायची. घड्याळजींनी पहिल्याच दिवशी साल अशी काढली की हाड मोत्यासारखं लख्ख. घड्याळात धुळीचा कण राहिला तर घड्याळ मागे पडतं, हे त्यांनी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. इथेही त्यांनी कण राहू दिला नाही. भिंगाखाली हाड फिरवून फिरवून, शेवटचा धागासुद्धा निघेपर्यंत ते खाली ठेवत नसत.

संध्याकाळी सून ती हाडं बशीत ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली लावायची. पेशींना चमकणारा रंग दिलेला असायचा. यंत्र रात्रभर दर दहा मिनिटांनी चित्र घ्यायचं आणि सकाळी त्या चित्रांची फिल्म तयार असायची. घड्याळजींच्या हाडांच्या फिल्मी बघून अख्खा मजला गोळा झाला. अशी स्वच्छ चित्रं त्या प्रयोगशाळेत आजवर कुणी काढली नव्हती. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या स्वतः येऊन घड्याळजींचे हात बघून गेल्या. घरी येऊन घड्याळजींनी ही गोष्ट बायकोला चार दिवसांत सहा वेळा सांगितली. सातव्या वेळी ती म्हणाली, "हात धुवा आणि जेवायला बसा."

घोडं अडलं ते पुढेच. सुनेच्या जुन्या अंधुक फिल्मींत पेशी फिरल्यासारख्या वाटायच्या. त्यावरूनच तर तिला हे सगळं सुचलं होतं. आणि या नव्या, लख्ख फिल्मींत? पेशी दुभंगायच्या, शेजारी शेजारी पडायच्या आणि तशाच राहायच्या. फार तर इकडेतिकडे जरा रेंगाळायच्या. चळत लागायचं नाव नाही. आठवडा झाला, महिना झाला, आठ महिने झाले. मोठ्या बाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या, पण स्पष्ट बोलायच्या. "चित्र अंधुक होतं तोवर तुला पेशी फिरताना दिसत होत्या," त्या म्हणाल्या. "चित्र स्वच्छ झालं आणि फिरणं गेलं. याचा अर्थ काय, तुला मी सांगायला नको."

या फिल्मीवर बरंच काही टांगलेलं होतं. लांबच्या एका शहरात हाडांवर काम करणारी मोठी संस्था होती. तिथल्या लोकांना सुनेची कल्पना आवडली होती. त्यांनी कळवलं होतं, पेशी हलताना दाखवा, तीन वर्षांची जागा तुमची. मुलाचं काम संगणकावरचं, तो कुठेही बसून करू शकत होता. म्हणजे फिल्म आली तर मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात तिघंही जाणार. दोन दिवसांचा प्रवास, वर्षातून एकदा भेट. फिल्म आली नाही तर सून दोन गल्ल्या सोडून असलेल्या कॉलेजात शिकवायला लागणार आणि घर जसंच्या तसं राहणार. सूक्ष्मदर्शक महिनाअखेरपर्यंतच तिच्याकडे होता. त्यानंतर तो दुसऱ्या गटाला मिळायचा होता.

घड्याळजींची बायको याबाबतीत आडपडदा ठेवत नसे. "फसू दे ती फिल्म," सकाळी देवापुढे दिवा लावताना ती मोठ्याने म्हणायची.

"अगं, जरा तरी लाज," घड्याळजी म्हणायचे. "पोरगी किती राबतेय."

"राबू दे. मी काय तिचं वाईट चिंततेय? कॉलेजात मान नसतो का?" असं म्हणून ती नातीचा डबा भरायला घ्यायची. तसाच डबा सुनेसाठीही भरायची, आणि तिचा जरा जास्तच नीट.

घड्याळजी मात्र मनापासून सुनेच्या बाजूने होते. निदान त्यांची तशी समजूत होती.

महिना संपायला सहा दिवस उरले असतानाची गोष्ट. दुपारी घड्याळजी बॅचमधलं शेवटचं, सहावं हाड सोलत होते. अर्धी साल निघाली होती आणि फोन वाजला. शाळेतून होता. नात झोपाळ्यावरून पडली होती आणि हनुवटी फुटली होती. सुनेचं व्याख्यान चालू होतं, फोन बंद. मुलगा गावाबाहेर. घड्याळजींनी हाड वाळू नये म्हणून बशीत इतर पाचांबरोबर टाकलं, झाकण लावलं आणि धावत सुटले. हनुवटीचं काही विशेष नव्हतं. एक पट्टी लागली आणि चॉकलेटच्या दोन गोळ्या लागल्या. पण त्या गडबडीत अर्धवट हाडाचं सुनेला सांगायचं राहून गेलं. तिने संध्याकाळी बशी लावली, यंत्राने सहाही हाडांची चित्रं घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी नऊला पोहोचले. सून नातीला शाळेत सोडून, मग मोठ्या बाईंची सभा आटोपून अकराला यायची. तोवर रात्रीच्या फिल्मी बघायच्या, वहीत लिहायच्या आणि बिघडलेल्या पुसून टाकायच्या, नाहीतर संगणकात जागा उरत नसे. हे पुसायचं काम घड्याळजींकडेच होतं आणि ते त्यांना आवडायचं. पाच फिल्मी नेहमीसारख्या निघाल्या. सहावी उघडली आणि ते स्वतःवरच चिडले. अर्धं हाड लख्ख, अर्धं वाफ धरलेल्या आरशासारखं. आपल्या हातून असं काम गेलं, आणि तेही यंत्राखाली. त्यांनी वहीत 'कचरा' असं लिहिलं आणि पुसायच्या बटणावर बाण नेला.

बोट खाली जाणार, तेवढ्यात धूसर भागात त्यांना काहीतरी हललेलं दिसलं.

त्यांनी फिल्म मागे नेली. एक पेशी दुभंगली. दोन झाल्या, शेजारी शेजारी. मग उजवीकडची जरा कलली. आणखी कलली. तिचं एक टोक डावीखाली शिरलं, मग ती सगळीच खाली सरकली आणि दोघी एकीखाली एक, सपाट बसल्या. तिच्याशेजारी दुसऱ्या जोडीचंही तेच. घड्याळजींनी खुर्ची पुढे ओढली. धूसर भागात त्यांनी अकरा जोड्या मोजल्या, अकराही फिरल्या. लख्ख भागात चौदा मोजल्या, त्यातली एकही नाही. हाड एकच, बशी एकच, रात्र एकच. फरक फक्त सालीचा.

साल होती तिथे पेशी फिरत होत्या. आणि साल कोण काढत होतं? आठ महिने, रोज सहा, भिंगाखाली फिरवून फिरवून, शेवटच्या धाग्यापर्यंत? सुनेच्या हातून साल अर्धवट राहायची म्हणून तिला फिरणं दिसत होतं. सासरे आले आणि त्यांनी ते साफ धुऊन काढलं.

हे झालं पहिलं. दुसरं त्यांच्या डोक्यात जरा उशिरा आलं, पण आलं ते हलेना. बाण अजून पुसायच्या बटणावरच होता. फिल्म कचरा म्हणून वहीत लिहिलेली होती. रोजच्यासारखं बोट खाली केलं की झालं. खोटं बोलायचं नाही, काही लपवायचं नाही, रोजचं काम करायचं. पाच दिवसांनी सूक्ष्मदर्शक जाईल, सून कॉलेजात लागेल, नात संध्याकाळी पाचला दार वाजवत राहील. आपण सुनेच्या बाजूचे आहोत ही आपली समजूत किती कच्ची होती, ते घड्याळजींना तेव्हा कळलं. त्यांना पोरांनी जायला नको होतं. बायकोला नको होतं त्याहून जास्तच नको होतं.

त्यांनी फिल्म पुसली नाही. पण उघडीही ठेवली नाही. पडदा बंद केला आणि नव्या अंड्यांकडे वळले. अकराला सून आली, पर्स टेबलावर टाकली आणि विचारलं, "काय म्हणतायत फिल्मी?"

"नेहमीचंच," घड्याळजी म्हणाले आणि भिंगातून डोकं वर काढलं नाही.

"हं," सून म्हणाली. तिने खुर्चीत बसून डोळे मिटले. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

दुपारी एकला ते जेवायला घरी आले. बायकोने वाढलं. दोन घास झाले आणि त्यांचा हात ताटात नुसताच फिरू लागला.

"मीठ जास्त झालंय का?"

"नाही."

"मग ताटात काय शोधताय?"

घड्याळजींनी सगळं सांगितलं. साल, अकरा जोड्या, चौदा जोड्या, पुसायचं बटण, सगळं. सांगताना त्यांच्या मनात एक आशा होती, आणि ती काय होती हे ते स्वतःशीही कबूल करत नव्हते. गेले चार महिने रोज सकाळी 'फसू दे' म्हणणारी बाई काय म्हणेल, याचा अंदाज कुणीही केला असता. बायको म्हणेल, जाऊ द्या, पुसून टाका, आणि मग ते पाप दोघांत वाटलं जाईल.

बायको पातेल्यात पळी तशीच धरून उभी होती. "पुसलीत?"

"नाही."

"तिला सांगितलंत?"

"नाही. म्हटलं, तूच तर रोज म्हणतेस, फसू दे."

"ते मी देवाला म्हणत होते," बायको म्हणाली. "तुम्हाला कधी म्हटलं? देवाने फसवलं असतं तर मी गप्प बसले असते, नारळही फोडला असता. पण त्या पोरीने तुम्हाला विश्वासाने नेलंय. इकडे मी लाख रडेन, तो माझा प्रश्न." पळी तिने पातेल्यात आपटली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला राग आला होता. "आता जेवत काय बसलात? उठा. महिना संपायला पाच दिवस राहिलेत."

घड्याळजी उठले. हात धुवून चप्पल घालेपर्यंत तिने मागून आणखी एकदा "चला, चला" केलं.

सून खोलीत एकटीच होती, वहीत आठ महिन्यांची आकडेमोड पुन्हा करत होती. घड्याळजींनी पडदा चालू केला, सहावी फिल्म लावली आणि बाजूला उभे राहिले. पहिल्यांदा बघताना ती पुढे वाकली. दुसऱ्यांदा बघताना तिने पडद्यावर बोट ठेवलं. तिसऱ्यांदा ती खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली.

"हे कालचं आहे?"

"हो. साल अर्धीच निघाली होती, शाळेतून फोन आला म्हणून. पेशी फिरत होत्याच, मॅडम. तुझं बरोबर होतं. मीच आठ महिने साल ओरबाडून काढत होतो."

"पण बाबा, साल काढायला मीच सांगितलं होतं," सून म्हणाली. "लख्ख चित्राच्या मागे मीच लागले होते. मोठ्या बाईही लागल्या होत्या." ती हसायला लागली आणि मधेच थांबली. "सकाळी तुम्ही म्हणालात, नेहमीचंच."

"खोटं बोललो."

"का?"

"तुम्ही गेलात तर घर खायला उठेल. म्हणून. आणखी काही कारण नाही."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. रागावणार असं त्यांना वाटलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं, पण ती म्हणाली, "मग आत्ता का सांगताय?"

"तुझ्या सासूने ताटावरून उठवलं."

"आईंनी?" सून म्हणाली. "त्या तर रोज फसू दे म्हणतात."

"तुला माहितेय?"

"बाबा, त्या किती मोठ्याने म्हणतात." आता मात्र ती खरंच हसली, डोळे पुसत, आणि घड्याळजींच्या छातीवरचा दगड जरा हलला.

तरीही अडचण होतीच. साल ठेवली तर पेशी फिरतात, पण दिसतात धूसर. धूसर चित्रावर मोठ्या बाईंचा विश्वास बसणार नव्हता. ते त्या आधीच सांगून चुकल्या होत्या. सून खोलीत येरझाऱ्या घालू लागली. घड्याळजी मात्र अर्धवट हाड भिंगाखाली फिरवत बसले होते.

"सगळी साल कशाला काढायची," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. "घड्याळ चालू आहे का ते बघायला आपण मागचं झाकण उघडतो, अख्खं घड्याळ मोडत नाही. एका बाजूला खिडकी पाडू. बाकी साल जशीच्या तशी."

"खिडकी केवढी?"

"तुला केवढी हवी?"

तिला हवी होती केसाच्या जाडीच्या दुप्पट. घड्याळजींनी त्यांचा सगळ्यात बारीक चिमटा दगडावर आणखी घासला. पहिली तीन हाडं फाटली. चौथ्याला खिडकी वाकडी झाली. पाचव्याला जमली. संध्याकाळपर्यंत चार हाडं बशीत पडली, सालीत गुंडाळलेली, प्रत्येकाला एकेक खिडकी. सकाळी फिल्म लावली तेव्हा खिडकीतून पेशी लख्ख दिसत होत्या. दुभंगत होत्या, कलत होत्या, एकीखाली एक जाऊन बसत होत्या. सुनेने पडदा सोडला नाही. घड्याळजी जोड्या मोजत राहिले आणि मोजता मोजता दोनदा चुकले.

मोठ्या बाईंनी फिल्म दोन वेळा बघितली. "एक रात्र म्हणजे योगायोग," त्या म्हणाल्या. "वीस-वीस हाडं दाखव. खिडकीवाली आणि पूर्ण सोललेली, दोन्ही, एकाच बशीत." मग चष्मा काढून विचारलं, "खिडकी कुणी पाडली?"

"आमच्या बाबांनी."

"आणि पूर्ण सोललेली?"

"तीही मीच सोलणार," घड्याळजी म्हणाले. "त्यात माझा हात कुणी धरणार नाही."

तीन दिवसांत वीस-वीस झाली. खिडकीवाल्या वीसपैकी सतरांत पेशी फिरल्या, सोललेल्या वीसांत एकातही नाही. साल पेशींना फिरायला कशी लावते, धरून ठेवते, ढकलते की नुसतं काही सुचवते, हे कुणालाच सांगता येईना. मोठ्या बाई म्हणाल्या, "हा तीन वर्षांचा प्रश्न आहे. तो घेऊनच जा." महिनाअखेरच्या दुपारी त्यांनी त्या संस्थेला पाठवायच्या पत्रावर सही केली.

त्या दिवशी घरी गोडधोड झालं. बायकोने स्वतः केलं, रडतरडत केलं आणि कुणी समजूत काढायला गेलं की त्याला कामाला लावलं. रात्रीपर्यंत तिची यादी तयार होती: नातीचे गरम कपडे, औषधांची पिशवी, दोन मोठ्या बॅगा, त्यातली एक दुरुस्तीला. बॅगेची साखळी घड्याळजींच्या वाट्याला आली.

निघायला सहा आठवडे होते. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की तिकडे खिडकी पाडायला कुणी नाही. सूनच ती पाडणार. तेव्हा घड्याळजी शिकवायला बसले.

शिकवताना त्यांनी कसलीही गय केली नाही. पहिल्या आठवड्यात सुनेने एकोणतीस हाडं फाडली आणि एक चिमटा वाकवला. घड्याळजींनी चिमटा सरळ केला आणि म्हणाले, "मॅडम, चिमटा आवळायचा नसतो. कोपर टेकवा. श्वास कोंडू नका, तुम्ही पाण्याखाली नाही." दुसऱ्या आठवड्यात ती रडकुंडीला आली. तिसऱ्यात त्यांच्याशी एक अख्खी दुपार बोलली नाही. त्या दुपारी तिच्याकडून पहिली खिडकी जमली, आणि दाखवायचं म्हणून तिला बोलावंच लागलं. चौथ्यात ती वाकडी पाडायची, पण फाडायची नाही. पाचव्या आठवड्यात घड्याळजींना दर हाडात एखादीच चूक सापडू लागली, आणि ती शोधायला त्यांना भिंग बदलावं लागायचं. कधी कधी चूक सापडली की त्यांना बरं वाटायचं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी तिने एका बैठकीत बारा हाडं केली. बशी त्यांच्यापुढे सरकवली आणि हात पुसत बाजूला उभी राहिली. घड्याळजींनी पहिलं हाड भिंगाखाली धरलं, उलटं केलं, पालटं केलं. मग दुसरं. बाराव्यापर्यंत त्यांना बराच वेळ लागला. मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

"सापडत नाहीये ना?" सून म्हणाली.

"काय?"

"चूक."

घड्याळजींनी भिंग बाजूला केलं. "नाही," ते म्हणाले. "चांगली झालीत. बाराही. मी केली असती तशीच."

"एवढं म्हणायला तुम्हाला किती त्रास होतोय, बाबा."

"होतोयच. तू शिकलीस म्हणून नाही. तू चाललीस म्हणून."

सुनेने खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसली आणि नवं हाड भिंगाखाली घेतलं.

"मग तेरावं मुद्दाम बिघडवते," ती म्हणाली. "निदान आजच्यापुरतं तुम्हाला काम राहील."

"बिघडवून तर बघ," घड्याळजी म्हणाले आणि तिचं कोपर नीट टेकलंय ना ते बघायला पुढे वाकले.